औषधचाचणीच्या व्यवस्थापकाचा पगार

[नभोवाणीवरील भाषण]

गेल्या दिवाळींत मी माझ्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं फराळाला गेलों होतों. त्यांची धाकटी कन्या एम्. फार्म. झालेली असून एका मोठ्या रुग्णालयांत सरकारी अनुदानावर चालणाऱ्या औषधचाचणींत ती 'कोऑर्डिनेटर' म्हणून काम करीत होती. पगार दरमहा २८,००० रुपये आणि वर घरभाडें. त्याच सुमारास तिला एका परदेशी कंपनीकडून बोलावणें आलें होतें. आणि पुढें सातआठ वर्षांनीं 'क्लिनिकल रिसर्च मॅनेजर' झाल्यावर काय मिळूं शकतें, याचा एक आंकडा तिच्या वडिलांनीं कोठून तरी मिळविला होता. तो आंकडा अमेरिकेंतील होता, डॉलरांत होता, आणि त्यांनीं त्याचे रुपये करून कागदावर मांडून ठेवले होते! चहाचा पेला खालीं ठेवून ते मला म्हणाले, "अहो, कागदपत्रें सांभाळणाऱ्या माणसाला एवढा पैसा कोण देतो, आणि कां देतो? आणि देतच असतील, तर आमच्या मुलीला २८,००० च कां?"

दोनहि प्रश्न मला रास्त वाटले. चकलीचा तुकडा मोडतां मोडतां त्यांचें उत्तर देणें मात्र मला साधलें नाहीं. तें आज देण्याचा प्रयत्न करतों.

हा मॅनेजर करतो तरी काय, तें आधीं पाहिलें पाहिजे. कोणतेंहि नवें औषध बाजारांत येण्यापूर्वीं तें माणसांवर पारखून पाहावें लागतें. ही पारख एका ठिकाणीं होत नाहीं. मोठी चाचणी म्हटली कीं ती अनेक देशांतील शेंकडों रुग्णालयांत एकाच वेळीं चालूं असते, आणि सर्वत्र ती अगदीं एकाच रीतीनें व्हावी लागते. त्या रीतीचा जो लेखी आराखडा असतो त्याला प्रोटोकॉल म्हणतात. रुग्णालयांतील डॉक्टर हे मुख्य संशोधक. परंतु रोग्याला संमतिपत्रांतील मजकूर उमजेपर्यंत त्याच्याजवळ बसणें, तपासण्यांच्या तारखा सांभाळणें, उरलेल्या गोळ्यांची मोजदाद ठेवणें, हें सारें बहुतांशीं कोऑर्डिनेटरच्या वांट्याला येतें. कंपनीच्या वतीनें रुग्णालयांत येऊन त्या नोंदी मूळ केसपेपरांशीं ताडून पाहणारा तो मॉनिटर. असे आठदहा मॉनिटर, त्यांच्याकडील पंचवीसतीस रुग्णालयें, आणि त्या सर्वांचें वेळापत्रक व खर्च ज्याच्या हातीं असतो तो मॅनेजर.

ऐकतांना हें काम हिशेबनिसाचें वाटतें. परंतु समजा, नाशिकच्या एखाद्या रुग्णालयांत चाचणींतील रोगी एकाएकीं अत्यवस्थ झाला. आपल्याकडील २०१९ च्या नियमांप्रमाणें संशोधक डॉक्टरानें ही गोष्ट २४ तासांच्या आंत सरकारी औषध-नियंत्रकाला, प्रायोजक कंपनीला आणि रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीला कळवावयाची असते. आणि कारणांची छाननी केलेला अहवाल १४ दिवसांत जावयाचा असतो. मग तो दिवस रविवार असो कीं गणेशचतुर्थी असो. रोग्याला अपाय औषधानें झाला कीं रोगानें, हें ठरविणें डॉक्टरांचें काम. पण ती बातमी जेथें जेथें जावयास हवी तेथें तेथें वेळेंत गेली कीं नाहीं, इतर शहरांतील डॉक्टर सावध झाले कीं नाहींत, हें पाहणें मॅनेजरचें.

या जबाबदारीचें वजन कळावें म्हणून मुंबईचीच एक जुनी हकीकत सांगतों. डॉ. वाल्डेमार हाफकीन यांनीं मुंबईंत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांवर तिची परीक्षा झाली. पुढें १९०२ सालीं पंजाबांतील मुल्कोवाल या गांवीं ही लस टोचलेल्यांपैकीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. त्या सर्वांना टोचलेली लस एकाच बाटलींतील होती. तिचा क्रमांक ५३-एन. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकीन यांना पदावरून दूर व्हावें लागलें. वस्तुतः ती बाटली उघडतांना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करतां वापरला गेला होता. परंतु हाफकीन निर्दोष आहेत हें मान्य होण्यास १९०७ साल उजाडलें. परळच्या त्या संस्थेला त्यांचें नांव मिळालें तें १९२५ सालीं. बाटलीला क्रमांक होता आणि ती कशी उघडली हें सांगणारें माणूस होतें, म्हणून तरी सत्य बाहेर आलें. प्रयोगशाळा आणि गांव यांच्या मधोमध उभें राहून, चिमटा पडला त्याच दिवशीं "ही बाटली बाजूला ठेवा" असें म्हणणारा कोणी असता तर त्या १९ जणांचें काय झालें असतें, हा विचार माझ्या मनांतून जात नाहीं. आजच्या मॅनेजरच्या पगारांतील कांहीं भाग या मधल्या जागेचा आहे.

आतां आंकड्यांकडे वळूं. माझ्या स्नेह्यांजवळचा कागद मीं पाहिला. अमेरिकेंत सरकारचें श्रम-सांख्यिकी खातें दर वर्षीं निरनिराळ्या व्यवसायांचें वेतन प्रसिद्ध करतें. गंमत अशी कीं, त्यांत क्लिनिकल रिसर्च मॅनेजर असा स्वतंत्र खानाच नाहीं. हा मनुष्य 'निसर्गविज्ञानाचे मॅनेजर' या खान्यांत धरला, तर मे २०२४ मध्यें तेथील मध्यम वार्षिक वेतन १,६१,१८० डॉलर होतें. 'वैद्यकीय व आरोग्यसेवांचे मॅनेजर' या खान्यांत धरला, तर तें १,१७,९६० डॉलर. मध्यम वेतन म्हणजे, सर्वांना पगाराच्या क्रमानें एका रांगेंत उभें केलें असतां बरोबर मधल्या माणसाला मिळणारें वेतन. माणूस तोच, काम तेंच. खाना बदलला कीं ४३,००० डॉलरांचा फरक! त्यांतून तेथील सरकारी व्यवसाय-सूचींत कोऑर्डिनेटरलाहि पहिल्याच खान्याच्या पोटांत घातलें आहे. त्यामुळें रोग्याजवळ बसणाऱ्या कोऑर्डिनेटरच्या नांवापुढें, मोठमोठ्या प्रयोगशाळांच्या प्रमुखांना धरून काढलेला आंकडा छापला जातो. आंकडा खोटा म्हणतां येणार नाहीं, पण तो त्या कोऑर्डिनेटरचा नव्हे. माझ्या स्नेह्यांनीं रुपयांत रूपांतर केलें होतें तें नेमकें याच आंकड्याचें. शिवाय डॉलरचे रुपये करतांना तेथील घरभाडें आणि विम्याचा हप्ता यांचेहि रुपये करावे लागतात, हें आपण सगळेच विसरतों.

इंग्लंडांतील सरकारी आरोग्यसेवेंत मामला अधिक उघड आहे. तेथें प्रत्येक जागा एका श्रेणींत बसविलेली असते आणि श्रेणींचा तक्ता कोणालाहि पाहतां येतो. २०२४-२५ सालीं सहाव्या श्रेणीचें वार्षिक वेतन ३७,३३८ पासून ४४,९६२ पौंड, सातवीचें ४६,१४८ पासून ५२,८०९ पौंड, आणि आठव्या 'अ' श्रेणीचें ५३,७५५ पासून ६०,५०४ पौंड होतें. संशोधनाच्या कामांतील अनुभवी परिचारिका बहुधा सहाव्या श्रेणींत असते. मॅनेजर सातव्या किंवा आठव्या 'अ' मध्यें. म्हणजे नुकत्याच त्या श्रेणींत आलेल्या परिचारिकेचा पगार आणि वरच्या पायरीला पोंचलेल्या मॅनेजरचा पगार यांतील अंतर दुपटीपर्यंतहि जात नाहीं. घासाघीस करण्यांत कुशल आणि भिडस्त, दोघांनाहि सारखेंच मिळतें. मला ही पद्धति आवडते. परंतु त्या तक्त्याच्या बाहेर औषधकंपन्या उभ्या आहेत आणि त्यांना असा तक्ता पाळावा लागत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें, म्हणजे आयसीएमआरनें, आपल्या प्रकल्पांवरील तात्पुरत्या नोकरांसाठीं दर ठरवून दिले आहेत. २०२३ नंतरच्या जाहिरातींत 'प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट' या वर्गांतील तिसऱ्या पायरीला २८,००० रुपये, आणि 'प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट' या वर्गांतील पहिल्या पायरीला, वैद्यकीय पदवी नसलेल्यास, ५६,००० रुपये, अधिक घरभाडें, असा दर दिसतो. स्नेह्यांच्या कन्येचे २८,००० आले ते येथून.

आणि दुसऱ्या प्रश्नाचें उत्तरहि येथेंच आहे. या धंद्यांत पगार ठरतो तो पदवीवरून किंवा कष्टांवरून फारसा नव्हे. तो कोणाच्या थैलींतून निघतो यावरून ठरतो. थैल्या तीन. पहिली सरकारी अनुदानाची: दर ठरलेला, मुदत ठरलेली, प्रकल्प संपला कीं नोकरी संपली. दुसरी रुग्णालयाची. कंपनी रुग्णालयाला एकरकमी पगार देत नाहीं; एक रोगी चाचणींत आला, तो अमुक वेळां तपासणीस आला, कीं तेवढ्याचे पैसे देते. त्यांतून रुग्णालय आपला वांटा कापतें, डॉक्टरांचें मानधन निघतें, तपासण्यांचा खर्च जातो, आणि उरल्यांत कोऑर्डिनेटरचा पगार बसवावा लागतो. रोगी सावकाश आले तर पैसेहि सावकाश. एक चाचणी संपून दुसरी सुरू होईपर्यंतचे जे कोरडे महिने असतात, ते कोणीं सोसावयाचे याचें उत्तर करारांत क्वचित्च सांपडतें.

तिसरी थैली खुद्द औषधकंपनीची. तिच्यांतहि दोन कप्पे आहेत. कित्येक कंपन्या चाचणीचें काम स्वतः न करतां कंत्राटी संशोधन-संस्थेला देतात. तिला या धंद्यांत 'सीआरओ' म्हणतात. सीआरओमधील मॅनेजर म्हणजे तासांच्या हिशेबानें विकला जाणारा मनुष्य. त्याचा तास कंपनीला एका दरानें विकला जातो आणि त्याला त्याहून पुष्कळ कमी दरानें मिळतो. मधल्या फरकावर संस्था चालते. साहजिकच त्याच्या पगाराला वरून एक छत आहे. तेंच काम करणारा मॅनेजर औषधकंपनीच्या स्वतःच्या नोकरींत असला तर तें छत उंच होतें. म्हणून सीआरओंतील मुरलेला मॅनेजर पुष्कळदां कंपनीच्या दाराकडे डोळे लावून बसलेला असतो.

कंपनी त्याला जास्त कां देते, हा माझ्या स्नेह्यांचा पहिला प्रश्न. त्याचें कारण पेटंट. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची. आणि अर्ज करावा लागतो औषध प्रयोगशाळेंत असतांनाच. चाचण्यांत जीं वर्षें जातात तीं या विसांतून वजा होतात. कांहीं देशांत त्याची थोडीफार भरपाई मिळते, तेवढीच. अमेरिकेंतील टफ्ट्स विद्यापीठाच्या औषधविकास-अभ्यास केंद्रानें २०२४ सालीं असा अंदाज प्रसिद्ध केला कीं, औषध बाजारांत येण्यास एक दिवस उशीर झाला तर सुमारें ५ लाख डॉलरांची विक्री बुडते, आणि चाचणी चालूं ठेवण्याचा प्रत्यक्ष खर्च दिवसाला सुमारें ४०,००० डॉलर येतो. हे मोठ्या कंपन्यांच्या औषधांचे सरासरीचे अंदाज आहेत. तरी त्यांवरून कंपनीच्या मनांतला हिशेब दिसतो. ज्या मॅनेजरनें आपल्या दक्षतेनें दहा दिवस वांचविले, त्यानें आपल्या सबंध नोकरीचा पगार वसूल करून दिला!

आतां हाच हिशेब सरकारी अनुदानावरील चाचणीला लावून पाहा. ज्या जुन्या, स्वस्त औषधाचें पेटंट केव्हांच संपलें आहे त्याचा नवा उपयोग पारखावयाचा असेल, तर दहा दिवसांच्या विलंबानें कोणाचीहि विक्री बुडत नाहीं. दहा दिवस थांबावें लागतें तें रोग्यांना, आणि रोग्याचा दिवस कोणाच्याच खातेवहींत मांडलेला नसतो. म्हणून तेथें दहा दिवस वांचविणाऱ्याला वाढीव पगार देण्याचें कोणाला सुचत नाहीं. कामांतली दक्षता दोन्हींकडे तीच लागते.

बाकीचीं कारणें थोडक्यांत सांगतां येतील. कर्करोग, जनुकोपचार असल्या गुंतागुंतीच्या चाचण्या सांभाळलेल्यांना मागणी अधिक, कारण असे लोक थोडे. एकाच देशांतील काम पाहणाऱ्यापेक्षां अनेक देशांतील कामाचा मेळ घालणाऱ्याला जास्त मिळतें; हाताखालीं माणसें असणाऱ्याला आणखी जास्त. चाचणीच्या सदाचाराचे आंतरराष्ट्रीय दंडक १९९६ सालीं ठरले, २०१६ आणि २०२५ सालीं त्यांत सुधारणा झाल्या. त्यांचें शिक्षण घेतल्याचें प्रमाणपत्र प्रत्येकाजवळ असावेंच लागतें, आणि प्रत्येकाजवळ असतें म्हणूनच त्यानें पगार वाढत नाहीं. हजारों रुपये शुल्क घेऊन असलीं प्रमाणपत्रें देणाऱ्या वर्गांच्या जाहिराती पाहून कोणीं भुलूं नये, एवढें सुचवितों.

कायद्याचाहि पगाराशीं संबंध आहे, आणि तो आपल्या देशानें पाहिलेला आहे. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या बाबतींत कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीं नुकसानभरपाईचे नियम आले आणि रोग्याची संमति ध्वनिचित्रमुद्रित करण्याची सक्ति झाली. पुष्कळ कंपन्यांनीं येथें नव्या चाचण्या आणणें थांबविलें. काम आटलें कीं पगारहि गोठतात, हें सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. परंतु तीं कडक पावलें अनाठायीं होतीं असें मी म्हणणार नाहीं. चाचणींत दगावलेल्या माणसाच्या घरीं जाऊन विचारपूस करणारेंहि पूर्वीं कोणी नसे. २०१९ च्या नियमांनीं परवानगीच्या अर्जाचा निकाल, येथेंच शोधलेल्या औषधासाठीं ३० आणि बाहेरच्या औषधासाठीं ९० कामाच्या दिवसांत लागावा असें ठरविलें, आणि भरपाई कशी मोजावयाची याचें सूत्रहि घालून दिलें. शिवाय अलीकडे मोठ्या संस्था एकमेकींना गिळूं लागल्या आहेत: २०२१ या एकाच वर्षांत आयकॉननें पीआरए ही संस्था आणि थर्मो फिशरनें पीपीडी ही संस्था विकत घेतली. दोन घरांची एक खानावळ झाली कीं दोन आचारी कशाला, हा प्रश्न निघतोच.

आपल्याकडील कंपन्यांच्या पगारपत्राविषयीं पालकांना एक सूचना करावीशी वाटते. पत्रांत जो वार्षिक आंकडा असतो तो 'सीटीसी'चा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. त्यांत भविष्यनिर्वाह-निधींतील कंपनीची वर्गणी, बहुधा ग्रॅच्युइटीची तरतूद, आणि कामगिरी पाहून द्यावयाचा भाग, हें सर्व मिळविलेलें असतें. हातीं पडणारी रक्कम त्याहून बरीच लहान. तेव्हां बाराने भागून आनंद मानण्यापूर्वीं तो तक्ता ओळीनें वाचावा.

त्या कामगिरीच्या भागाविषयींच मला खरी काळजी वाटते. कामगिरी मोजावयाची कशी? सर्वांत सोपें माप म्हणजे, ठरल्या मुदतींत किती रोगी चाचणींत घेतले. हें माप एकदां मॅनेजरच्या पगाराला जोडलें, कीं त्याचा ताण मॉनिटरवर येतो, मॉनिटरचा कोऑर्डिनेटरवर, आणि शेवटीं तो येऊन टेकतो संमतिपत्रापुढें बसलेल्या रोग्यावर. "घरीं विचारून उद्यां सांगतों" असें त्यानें म्हटलें, तर "बरें, उद्यां या" असें निश्चिंतपणें म्हणण्याची मोकळीक कोऑर्डिनेटरला उरली पाहिजे. ती राहावयाची असेल, तर बक्षिसाचा भाग नोंदींच्या अचूकपणावर, वेळेंत कळविलेल्या अपायांवर, मध्येंच सोडून न गेलेल्या रोग्यांवर ठेवतां येतो. आणि शहाण्या कंपन्या तसा ठेवतातहि. सगळ्याच कंपन्या शहाण्या असतात असें नाहीं.

माझ्या स्नेह्यांच्या कन्येला मीं हें सर्व सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "काका, मग मीं मुलाखतींत विचारूं तरी काय?" मीं तिला दोन प्रश्न लिहून दिले. माझ्या हाताखालीं किंवा माझ्याकडे किती रुग्णालयें असतील. आणि माझ्या पगाराचा कितवा हिस्सा रोग्यांच्या संख्येवर अवलंबून असेल. दुसऱ्या प्रश्नानें समोरचे गृहस्थ जरा घुटमळले, असें तिनें मागाहून सांगितलें. पण उत्तर त्यांनीं सरळ दिलें, आणि तें तिला पटलें. ती आतां त्या कंपनींत मॉनिटर आहे. पूर्वीच्या दुपटीहून अधिक पगार मिळतो, महिन्यांतले बारापंधरा दिवस प्रवासांत जातात, आणि आईला त्याची काळजी वाटते.

परवां ती भेटली तेव्हां जुन्या रुग्णालयाची गोष्ट निघाली. साताऱ्याकडच्या एक आजीबाई दर तीन आठवड्यांनीं तपासणीस येतात आणि अजून "ती चष्मेवाली पोर कुठं गेली?" म्हणून विचारतात. तिच्या जागीं नेमलेला मुलगा चार महिन्यांत दुसरीकडे गेला. जागेची जाहिरात पुन्हां निघाली आहे. पगार २८,००० आणि घरभाडें.